कापलेल्या गाडीची वंशावळ

जुन्या मोटारींच्या जगात खरे-खोटे ठरवण्याची कसोटी तशी सरळ आहे. गाडी कारखान्यातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवसाच्या ती आज किती जवळ आहे, एवढेच पाहायचे. चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि कागद जुळले, रंग कारखान्याच्या यादीतला निघाला, मडगार्डपासून दिव्याच्या काचेपर्यंत सगळे त्याच सालातले असले की गाडी अस्सल ठरते. मागाहून चढवलेले काढायचे, हरवलेले शोधून बसवायचे. परीक्षकाला फारसा विचार करावा लागत नाही. कारखान्याची छापील पुस्तके समोर असली की भागते. अमेरिकन हॉट रॉड मात्र या कसोटीच्या पहिल्याच पायरीवर नापास होते, आणि होणारच. कारण कारखान्याने दिलेले रूप मोडण्यातच तिचा जन्म आहे. मडगार्ड उतरवलेले, बॉनेट काढून ठेवलेले, टप कापून ठेंगणा केलेला, एका कंपनीच्या चासीवर दुसरीची बॉडी चढवलेली. अशा गाडीचा मूळ दिवस कोणता धरायचा? तो ठरला नाही तर तिच्यासाठी भाग तरी कोणत्या सालाचे शोधायचे? जुनी हॉट रॉड ज्यांच्या हाती येते ती माणसे बहुधा कामाची वाटणी करतात: इतिहास शोधणे हा सवडीचा छंद आणि भाग शोधणे हे खरे काम. ही वाटणीच मला चुकीची वाटते. हॉट रॉडच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकच आहेत, आणि त्यांतले इतिहासाचे काम आधी झाले नाही तर भागांचा शोध गाडी वाचवण्याऐवजी तिचा पुरावा पुसून टाकतो.

ही गाडी आली कुठून, ते आधी पाहू. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरे जुन्या फोर्ड गाड्या घेऊन लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर जात. म्युरॉक, एल मिराज, हार्पर, रोझमंड ही त्या तळ्यांची नावे. पाणी आटून दगडासारखा कडक झालेला मैलोन्‌मैल सपाट चिखल, ना वळण, ना झाड, ना पोलीस. तिथे गाडी किती वेगाने जाते हे मोजायचे, एवढाच खेळ. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी बनल्या होत्या. त्यामुळे वापरलेली टी किंवा तिच्यानंतरची मॉडेल ए भंगाराच्या भावात मिळे. वजन कमी करायचे म्हणून जे जे काढता येईल ते काढायचे, इंजिनात जे जे भरता येईल ते भरायचे. १९३७मध्ये या मंडळींच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली आणि खेळाला नियम, वर्गवारी आणि विश्वासार्ह वेळमापन मिळाले. महायुद्धात म्युरॉक लष्कराने घेतले. आज तिथे एडवर्ड्स हा हवाई तळ आहे. युद्धावरून परतलेल्या पोरांच्या हातात यंत्रकामाचे शिक्षण होते आणि थोडे पैसेही. बिल बर्कने लढाऊ विमानांच्या पंखांखाली लटकणारी पेट्रोलची टाकी घेऊन तिचीच शर्यतीची गाडी केली. ॲलेक्स झायडियसने १९४६मध्ये सो-कॅल स्पीड शॉप हे दुकान काढले. जानेवारी १९४८मध्ये रॉबर्ट पीटरसनने 'हॉट रॉड' मासिक सुरू केले, १९४९मध्ये युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा पहिला सप्ताह झाला आणि १९५१मध्ये वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली. म्हणजे कोरड्या तळ्यावरचा उनाडपणा राष्ट्रीय संघटना होण्याला जेमतेम पंधरा-वीस वर्षे लागली.

या सगळ्याच्या मध्यभागी एक गाडी आणि एक इंजिन आहे. १९३२ची फोर्ड, जिला तिचे चाहते 'ड्यूस' म्हणतात, आणि तिच्यातले फ्लॅटहेड व्ही-८. स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन द्यायचे तर त्याचा ब्लॉक एकाच ओतकामात निघाला पाहिजे, हा फोर्डचा हट्ट होता आणि त्याच्या लोकांनी तो पुरा केला. २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती. आज हे आकडे ऐकून कोणी मान वर करणार नाही, पण त्या किमतीच्या गाडीत तेव्हा असे काही नव्हते. इंजिनात दोषही होते. एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या पोकळ्यांना खेटून जातात. मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड आहे. त्यामुळे इंजिन तापते आणि ब्लॉकला चिरा जातात. पण याच दोषांमुळे आणि याच स्वस्ताईमुळे एक आख्खा उद्योग उभा राहिला. एड विनफिल्डचे कॅमशाफ्ट, व्हिक एडलब्रॉकचे मॅनिफोल्ड, बार्नी नवारोचे हेड, स्टू हिलबॉर्नचे फ्युएल इंजेक्शन हे सगळे तळ्यावर किंवा शर्यतीत स्वतः धावणाऱ्या माणसांनी आपल्या गाडीसाठी केले आणि मग इतरांना विकले. हॉट रॉडच्या प्रत्येक जुन्या भागामागे असे एखादे नाव असते. कारखान्याच्या भागामागे फक्त क्रमांक असतो.

पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली तेव्हा संपादक पोथ्यांच्या पाठभेदांतून मागे मागे जात, उपलब्ध पुराव्यावर जो सर्वांत जुना पाठ उभा करता येईल तो वर छापत आणि बाकीचे पाठ खाली तळटीपांत देत. हीच पद्धत हॉट रॉडला लावून पाहा. मागे मागे गेलात तर शेवटी हाती काय लागते? कारखान्यातून निघालेली, लाखो बहिणींसारखी एक साधी फोर्ड. म्हणजे सर्वांत जुना पाठ हा सर्वांत निरर्थक पाठ! इथे मोलाचा मजकूर नेमका प्रक्षेपांत आहे. कोणी कापले, कधी कापले, कापल्यावर ती किती वेगाने धावली, पुढच्याने त्यात काय बदलले, हेच तिचे चरित्र. तळटीपा हाच ग्रंथ असलेल्या या पोथीला संपादकाची गरज इतर कोणत्याही जुन्या गाडीपेक्षा जास्त आहे, आणि दुर्दैवाने तिच्या वाट्याला बहुधा फक्त रंगारी येतो.

आता पुरावा कुठे असतो ते पाहू. पहिला अर्थातच क्रमांक. १९३२च्या फोर्डच्या चासीवर डाव्या बाजूच्या रेलवर तो ठोकलेला असतो. व्ही-८ असेल तर सुरुवातीला १८ आणि दोन्ही टोकांना तारा. एक ठसा पुढे स्टिअरिंगच्या बाजूला दिसू शकतो, पण दुसरे बॉडीच्या खाली दडलेले असतात आणि ते वाचायचे तर बॉडी उचलावी लागते. गंमत अशी की कागदोपत्री याला 'इंजिनाचा क्रमांक' म्हणत, पण तो इंजिनाच्या ब्लॉकवर नसे. चासीवर आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या आवरणावर असे. हॉट रॉडवाले पहिल्यांदा काय बदलत? इंजिन आणि गिअरबॉक्स. १९३९चा गिअरबॉक्स चांगला म्हणून तो बसे, जुना भंगारात जाई, आणि कागदावरच्या क्रमांकाचा एक साक्षीदार कायमचा नाहीसा होई. राहिली चासी; पण तीही कित्येकदा बदललेली. एड इस्केंडेरियनची प्रसिद्ध मॉडेल टी रोडस्टर एसेक्स गाडीच्या चासीवर उभी आहे, कारण टीची स्वतःची चासी नव्या ताकदीपुढे फार लेची होती. क्रमांकावर भिस्त ठेवणाऱ्याने या गाडीला काय म्हणावे? एसेक्स? पण जून १९४८च्या 'हॉट रॉड' मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली तेव्हा कोणालाही तिच्या ओळखीबद्दल शंका नव्हती. तेव्हा क्रमांक हा हॉट रॉडच्या बाबतीत मालकीचा पुरावा आहे, ओळखीचा नाही. सरकारी कचेरीला तो पुरतो, इतिहासाला पुरत नाही.

दुसरा पुरावा छायाचित्रांचा आणि धातूच्या पट्ट्यांचा. तळ्यावर वेग नोंदला गेला की टायमिंग असोसिएशनची छोटी पट्टी मिळे, तिच्यावर ठिकाण, तारीख आणि वेग. ती डॅशबोर्डवर ठोकून लावत. क्लबची ओतीव ॲल्युमिनियमची पाटी मागच्या बंपरवर टांगत. रोड रनर्स, थ्रॉटलर्स, साइडवाइंडर्स ही त्यांतल्या काही जुन्या क्लबांची नावे. या वस्तू पाहिल्या की नव्या मालकाला भरते येते, आणि नेमके इथेच सावध राहायला हवे. पाटी आणि पट्टी या दोन्ही सुट्या वस्तू आहेत. चार स्क्रू काढले की एका गाडीचा इतिहास दुसरीवर चढतो. जुन्या भागांच्या बाजारात त्या सुट्या विकायला येतात, आणि त्यांच्या नकलाही निघतात. दारावर रंगवलेला आकडाही हंगामागणिक बदले, कारण तो आदल्या वर्षीच्या गुणांवरून मिळायचा. सुट्या वस्तूंपेक्षा छायाचित्र मला अधिक विश्वासाचे वाटते, तेही गाडीच्या देखण्या रूपासाठी नव्हे, त्यातल्या अपघाती तपशिलांसाठी. डिकीवर यंत्राने पाडलेल्या झडपांच्या ओळी किती आणि त्यांतली एखादी तिरकी आहे का, फायरवॉलला कोणत्या जागी जादा भोक आहे, विंडशील्डचा खांब कापताना डावी-उजवी बाजू सारखी आली का, हे कोणी मुद्दाम जुळवत नाही आणि म्हणून ते खोटे बोलत नाही. डॉन मॉन्टगोमेरीने १९८०च्या दशकात चाळीसच्या दशकातल्या हॉट रॉडची छायाचित्रे गोळा करून पुस्तके काढली. या विषयात त्यांचे मोल कारखान्याच्या कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा अधिक आहे.

तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे खुद्द पत्रा. रंगाचे थर कडेने हळूहळू घासले की झाडाच्या खोडासारखी वर्षे उलगडतात. दबलेला पत्रा शिशाने भरलेला आहे की लांबीने, यावरून काम कोणत्या काळातले ते कळते, कारण प्लास्टिकची लांबी १९५०च्या दशकात रुळली. तिच्या आधीचे कारागीर शिशाचा लेप तापवून बसवत आणि लाकडी पट्टीने सारवत. वेल्डिंग गॅसचे की विजेचे, ब्रॅकेट कापून काढल्याच्या खुणा कुठे, इंजिन माउंटची भोके किती जोड्यांत, या सगळ्यांतून एका गाडीत कोणती इंजिने येऊन गेली तेही वाचता येते. १९४९मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलची नवी ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिने आली, १९५५मध्ये शेव्हरोलेचे छोटे व्ही-८ आले, आणि फ्लॅटहेडची सद्दी संपली. म्हणून १९४८ साली तळ्यावर धावलेल्या गाडीच्या फ्रेमवर फ्लॅटहेडच्या, मग कॅडिलॅकच्या, मग शेव्हरोलेच्या अशा तीन पिढ्यांच्या भोकांच्या जोड्या सापडू शकतात. आणि गाडी रंगशाळेत नेली की कारागीर सर्वांत आधी काय करतो? पत्रा वाळूच्या माऱ्याने साफ करतो आणि जादा भोके बुजवतो. एका दुपारी पन्नास वर्षांची दैनंदिनी जळते. वर त्याची मजुरीही आपण मोजतो.

भागांचा प्रश्न आता आपोआप वेगळा दिसू लागतो. हॉट रॉडचे भाग म्हणजे दिनदर्शिकाच असते, फक्त वाचता आली पाहिजे. फ्लॅटहेडच्या हेडवर २१ स्टड असतील तर ब्लॉक जुना, २४ असतील तर १९३८ किंवा त्यानंतरचा. पाण्याचे पंप हेडमध्ये असतील तर १९३६पर्यंतचे इंजिन, ब्लॉकवर असतील तर पुढचे. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ५९ हा आकडा ओतलेला असेल तर महायुद्धाच्या आसपासचे २३९ घन इंचांचे. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या नाकावर समोर बसलेला की १९४९नंतरच्या इंजिनासारखा उभा? या प्रश्नाचे उत्तर बॉनेट नसलेल्या गाडीत तर रस्त्यावरूनच दिसते. ब्रेक हायड्रॉलिक असतील तर ते मागाहून बसवलेले, कारण फोर्डने १९३८पर्यंत आपल्या गाड्यांना तारा-दांड्यांचेच ब्रेक ठेवले होते. स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर (हा आकडा त्याच्या आतल्या गळ्याच्या इंचातल्या मापावरून आला) फोर्डच्या गाड्यांवर १९३६ ते १९३८ अशी जेमतेम तीन वर्षे आला, पण हॉट रॉडवाल्यांनी तो दोन-दोन, तीन-तीन बसवून पुढची वीस वर्षे जिवंत ठेवला. १९३९च्या फोर्डचे अश्रूच्या आकाराचे मागचे दिवे इतक्या गाड्यांवर चढले की ते हॉट रॉडचेच वाटावेत. मर्क्युरीची चार इंच स्ट्रोकची क्रँक ५९च्या ब्लॉकमध्ये घातलेली असेल तर ते काम १९४९च्या मॉडेलच्या आधीचे असूच शकत नाही, कारण ती क्रँकच त्या मॉडेलबरोबर आली. असे एकेक करून पाहिले की गाडीवरचा प्रत्येक भाग 'यापूर्वी नाही' अशी एक तारीख सांगतो. या तारखा छायाचित्राशी ताडून पाहायच्या. मगच कोणता भाग जागेवर आहे, कोणता मागून आलेला आहे आणि कोणता खरोखर हरवला आहे, हे कळते. शोध फक्त तिसऱ्याचा घ्यायचा.

तो शोध घ्यायला आज जागा पुष्कळ आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी ऑक्टोबरात भरणारा जुन्या भागांचा बाजार अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्यांपैकी. कॅलिफोर्नियात पोमोनाचा बाजार आहेच. नव्याने बनणारे भागही आहेत. ओहायोतली ब्रुकव्हिल कंपनी १९३२च्या रोडस्टरची पोलादी बॉडी नव्याने ठोकून देते. स्ट्रॉमबर्ग ९७ इंग्लंडमध्ये पुन्हा बनू लागला आहे. एडलब्रॉक आणि ऑफनहाउजर या नावांची फ्लॅटहेडसाठीची हेड आणि मॅनिफोल्ड आजही नवी मिळतात. फ्रान्समध्ये तर लष्करी ट्रकांसाठी फ्लॅटहेड अमेरिकेत बंद झाल्यावरही कित्येक वर्षे वापरात राहिले, आणि तिथल्या साठ्यातले न वापरलेले ब्लॉक अमेरिकन हौशी लोकांनी मागवून घेतले. याचा एक मजेदार परिणाम असा की फोर्डने १९३२ साली जितक्या रोडस्टर बनवल्या त्यापेक्षा जास्त '१९३२च्या रोडस्टर' कधीतरी रस्त्यावर असतील, किंवा आताच असतील. तक्रार करण्यासारखे यात काही नाही. उलट यातून एक गोष्ट स्पष्ट होते: भागांचा तुटवडा ही हॉट रॉडची अडचण राहिलेलीच नाही. पैसे असतील तर सगळी गाडी खोक्यांतून जुळवता येते. न मिळणारी वस्तू म्हणजे पुरावा, आणि तो कोणत्याही कॅटलॉगात नसतो.

यावर पहिला आक्षेप खुद्द हॉट रॉडवाल्यांचाच असतो आणि तो वजनदार आहे. ज्यांनी या गाड्या बनवल्या त्यांना इतिहासाची काडीइतकीही पर्वा नव्हती. शुक्रवारी रात्री इंजिन काढायचे, रविवारी दुसरे धावायचे. मग त्यांच्याच गाडीला संग्रहालयातल्या मूर्तीसारखे गोठवणे हा त्यांच्या वृत्तीचा अपमान नाही का? माझे उत्तर असे की त्यांच्या प्रत्येक बदलाला एक कठोर पंच होता, तो म्हणजे घड्याळ. बदल वेग वाढवी तर राही, न वाढवी तर जाई. आज पन्नास वर्षे गोदामात पडलेल्या गाडीवर आपण चकचकीत नवे काही बसवतो त्याला घड्याळ पंच नसते. असतो तो लिलावाचा भाव किंवा शेजाऱ्याची गाडी. वृत्ती जपायची असेल तर नव्या पोलादी बॉडी आहेत, त्या हव्या तशा कापाव्यात. कापण्याची हौस भागवायला १९४०च्या दशकातला साक्षीदार लागत नाही. शिवाय जुन्यांपैकी सगळेच बेपर्वा होते असेही नाही. इस्केंडेरियनने आपली टी दशकानुदशके स्वतःजवळ ठेवली आणि तिला नवी करून टाकण्याच्या भानगडीत पडला नाही. ज्याने कॅमशाफ्टच्या धंद्यात नाव कमावले त्याला नवे भाग मिळत नव्हते म्हणून तसे केले, असे तर कोणी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. साल ठरवा म्हणता. पण अनेक आयुष्ये जगलेल्या गाडीचे कोणते साल? डोन स्पेन्सरची १९३२ची रोडस्टर याचे नामांकित उदाहरण. चाळीसच्या दशकात ती रस्त्यावरची आणि तळ्यावरची देखणी गाडी होती. मग मेक्सिकोतल्या कारेरा पानामेरिकाना या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा विचार डोक्यात घेऊन स्पेन्सरने तिचे रूपच पालटायला घेतले. पुढे ती लिन वाइनलँडकडे, मग नील ईस्टकडे गेली. ईस्टने ती भरपूर चालवली. शेवटी ब्रूस मायरने ती घेतली, जीर्णोद्धार करवला आणि १९९७मध्ये पेबल बीचच्या अभिजात मोटारींच्या सोहळ्यात हॉट रॉडना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तेव्हा त्या वर्गात हीच गाडी पहिली आली. बुगाटी आणि ड्यूजनबर्गच्या पंक्तीला फोर्डचा कापलेला पत्रा बसला, हा मोठा दिवस होताच. पण जीर्णोद्धार करताना एक रूप निवडले की बाकीची रूपे बाजूला सारावी लागतात, हेही तितकेच खरे. निवड मनमानी असते का? पूर्णपणे नाही. ज्या काळाचा छायाचित्रांचा आणि कागदांचा पुरावा सर्वांत दाट आहे, ज्या काळातले भाग सर्वांत जास्त टिकून आहेत, आणि ज्या रूपात गाडीने नाव मिळवले, ही तिन्ही वर्तुळे बहुधा एकमेकांवर येतात. स्पेन्सरच्या गाडीबाबत ती आली. जिथे येत नाहीत तिथे निवड करूच नये. गाडी आहे तशी, शेवटच्या मालकाच्या रूपात चालू करावी आणि थांबावे. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, कारण अशी गाडी ना चाळीसची दिसते ना आजची. तरी तेच प्रामाणिक आहे.

जुन्या गाड्यांच्या सोवळ्या मंडळींचा आक्षेप वेगळा: हे लोक मुळात विध्वंसक, यांनी हजारो चांगल्या फोर्ड कापल्या. चाळीसच्या दशकाबाबत हा आरोप टिकत नाही. तेव्हा या गाड्या निव्वळ जुन्या होत्या, त्यांना कोणी जपत नव्हते, आणि युद्धकाळात तर भंगाराच्या मोहिमांत लोखंड वितळत होते. उलट हॉट रॉडवाल्यांनी उचलल्या म्हणून कित्येक बॉडी वाचल्या. पण १९७०नंतर कोणी अखंड, न छेडलेली १९३२ची गाडी कापली असेल तर मी सोवळ्यांच्या बाजूचा आहे. तेव्हा ती दुर्मीळ झाली होती आणि कापणाऱ्याला ते ठाऊक होते. ब्रेक आणि सुरक्षेचा मुद्दा मात्र मी वादाविना मान्य करतो. चिरलेला ब्लॉक आणि झिजलेले स्टिअरिंग इतिहासाच्या नावाखाली रस्त्यावर आणू नये. चाळीसच्या पोरांनीही तारा-दांड्यांचे ब्रेक फेकून हायड्रॉलिक बसवलेच होते. मात्र काढलेला भाग फेकू नये.

आपल्याकडे या चर्चेला काय अर्थ, असे कोणी विचारील. फोर्डची भारतातली कंपनी १९२६मध्ये निघाली आणि मुंबईतही गाड्या जोडल्या जात. महायुद्धात कॅनडात बनलेले फोर्डचे लष्करी ट्रक इथे आले, त्यांतही हेच फ्लॅटहेड व्ही-८ होते. तेव्हा इंजिन आपल्याला परके नाही. परका आहे तो हॉट रॉडचा विचार, आणि कायद्याने तर तो बाहेरच ठेवला आहे. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याने ठरवलेल्या रूपात मूलभूत बदल केलेल्या वाहनाची नोंदणी होऊ शकत नाही असे सांगितले. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला विंटेज म्हणून व्हीए मालिकेतला क्रमांक मिळतो, पण ते मूळ रूपात हवे. चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. रस्त्याच्या सुरक्षेसाठी पहिला नियम समजण्यासारखा आहे. दुसऱ्याचा अर्थ मात्र असा होतो की वारसा फक्त कारखान्याचा असतो, कारागिराचा नसतो. ५० वर्षांपूर्वी एखाद्या कारागिराने पुराव्यासह बदललेली गाडी आजच्या चोरट्या बदलापेक्षा वेगळी धरायला हवी, आणि तशी तरतूद नियमांत करणे अवघड नाही. वर सांगितलेला पुरावा हीच ती अट करता येईल.

ज्यांच्या ताब्यात अशी जुनी गाडी आहे, ती कॅलिफोर्नियात असो वा एखाद्या मराठी माणसाच्या न्यू जर्सीतल्या गॅरेजात, त्यांना एवढेच सांगणे आहे. पहिला बोल्ट सोडण्याआधी सगळ्या भोकांची, सांध्यांची, रंगाच्या थरांची छायाचित्रे काढा आणि मागच्या मालकांची नावे लिहून ठेवा. तळ्यावर युद्धाआधी धावलेली माणसे आता जवळपास उरलेली नाहीत, पण त्यांची मुले आणि त्यांच्या घरांतले अल्बम अजून आहेत. हर्शीचे तिकीट त्यानंतर काढा. आणि नवा भाग बसवलाच तर न दिसणाऱ्या बाजूला तो बसवल्याचे साल कोरून ठेवा.